संच ग्राहकाचा, कुलूप कंपनीचे



परदेशात नोकरी करणारा मुलगा सुट्टीत गावी येताना वडिलांसाठी मोबाइल संच घेऊन येतो, हा प्रसंग नागपूर-पुण्यापासून जालंधर-कोट्टायमपर्यंत अनेक घरांत घडलेला आहे. संच नवाकोरा असतो आणि त्याची किंमतही चुकती केलेली असते. वडिलांचे सिमकार्ड मात्र त्यात घालताच पडद्यावर ‘हे सिम चालणार नाही’ अशा अर्थाचा संदेश उमटतो. संच बिघडला असावा, अशी घरच्यांची समजूत होते. वास्तविक त्यात कोणताही बिघाड नसतो. ज्या कंपनीच्या दुकानातून तो घेतलेला असतो, तिने त्यास कुलूप लावलेले असते आणि किल्ली स्वतःकडे ठेवलेली असते.

या कुलपाची रचना समजून घेण्यास फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. प्रत्येक सिमकार्डावर ग्राहकाची ओळख सांगणारा एक दीर्घ क्रमांक साठविलेला असतो. त्याच्या आरंभीचे अंक देशाचे आणि त्यापुढील अंक सेवा देणाऱ्या कंपनीचे निदर्शक असतात. भारतासाठी हे देशदर्शक अंक ४०४ आणि ४०५ असे आहेत. कुलूपबंद संच सुरू होताना प्रथम हे अंक वाचतो, आपल्या स्मृतीतील परवानगीच्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर जाळ्याशी संपर्कच साधू देत नाही. कुलूप उघडण्याचा मार्ग संचाच्या प्रकारानुसार बदलतो. अनेक संचांमध्ये कंपनीकडून मिळालेला सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो आणि तो काही मोजक्या वेळा चुकला, तर पुढे योग्य क्रमांकही स्वीकारला जात नाही. आयफोनच्या बाबतीत असा क्रमांक नसतो. सेवादाता कंपनीने कळविल्यानंतर उत्पादक कंपनी आपल्या संगणकावरील नोंद बदलते आणि संच मुक्त होतो. म्हणजे दोन्ही प्रकारांत शेवटचा शब्द सेवादाता कंपनीचाच असतो.

कंपन्या असे का करतात, याचे उत्तर त्यांच्या व्यवहारात आहे. अमेरिकेत व युरोपात बराच काळ महागडा संच अल्प किमतीत देऊन ग्राहकाला दोन वर्षांच्या कराराने बांधून घेण्याची पद्धत होती. उरलेली किंमत मासिक बिलातून वसूल होई. वसुलीपूर्वीच ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तोटा होईल, म्हणून कुलूप, असा हा युक्तिवाद. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र २००८ सालचे एक उदाहरण या युक्तिवादाच्या मर्यादा दाखविते. त्या वर्षी अमेरिकेत आयफोन ३जी हा संच दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरला मिळत होता. २२ ऑगस्ट २००८ रोजी तो भारतात एअरटेल व व्होडाफोन यांच्यामार्फत विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ३१,००० रुपयांपासून सुरू होत होती. येथे सवलत नव्हती, कुलूप मात्र होते. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजल्यावर कुलपाला कोणता आधार उरतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यावेळी कुणी दिले नाही.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार कायद्याच्या पातळीवर केला. अमेरिकेतील गोष्ट काहीशी विचित्र आहे. तेथे संचाचे कुलूप उघडणे हा चक्क प्रताधिकार कायद्याचा विषय ठरला, कारण १९९८ च्या कायद्याने संगणकीय संरक्षण तोडण्यास मनाई केली होती. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मोबाइल संचांना त्यातून सूट मिळाली. २०१२ मध्ये नव्या संचांसाठी ती नाकारण्यात आली आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या संचाचे कुलूप कंपनीच्या संमतीविना उघडणे बेकायदेशीर झाले. स्वतःच्या खिशातील वस्तूसाठी गुन्हेगार ठरण्याची ही कल्पना लोकांना मानवली नाही. एक लाख चौदा हजारांहून अधिक नागरिकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या स्वाक्षरीने कुलूप उघडण्याचा हक्क पुन्हा प्रस्थापित करणारा कायदा झाला. कॅनडामध्ये कंपन्यांनी कुलूप उघडण्याच्या शुल्कापोटी २०१६ या एकाच वर्षात सुमारे ३ कोटी ७७ लाख कॅनेडियन डॉलर गोळा केले होते. तेथील नियामकाने १ डिसेंबर २०१७ पासून हे शुल्क बंद केले आणि नवे संच कुलपाविनाच विकण्याचा आदेश दिला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद संच विकण्यास बंदी आहे. तेथील नियामक संस्थेच्या पाहणीत असे आढळले होते, की कंपनी बदलण्याचा विचार सोडून देणाऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोकांना कुलूप उघडून घेण्याच्या कटकटीनेच मागे ओढले होते. संचाच्या किमतीची वसुली हा कुलपाचा उघड हेतू आणि ग्राहकाला कंटाळा आणणे हा त्याचा परिणाम, असे या पाहणीवरून दिसते.

भारतातील परिस्थिती मुळातच वेगळी होती. येथे बहुसंख्य ग्राहकांनी संच बाजारातून रोख किमतीत घेतला आणि सिमकार्ड स्वतंत्रपणे घेतले. प्रीपेड पद्धतीमुळे करारही नव्हता. एका संचात दोन सिमकार्डे घालून दोन कंपन्यांच्या स्वस्त योजनांचा लाभ घेणारा भारतीय ग्राहक याच मोकळेपणातून घडला. या चित्राला दोन मोठे अपवाद झाले. पहिला २००३ च्या जुलैचा. रिलायन्स इन्फोकॉमने केवळ ५०१ रुपये भरून संच हाती देणारी योजना आणली. बाकीची रक्कम हप्त्यांनी फेडायची होती. मोबाइल ही श्रीमंतांची चैन आहे, ही कल्पना मोडण्यात त्या योजनेचा वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही सेवा सीडीएमए तंत्रज्ञानावर आधारित होती. तिच्या सुरुवातीच्या संचांत ग्राहकाची ओळख सुट्या कार्डावर नसून संचातच नोंदलेली असे. त्यामुळे कंपनी बदलायची म्हणजे संच टाकून द्यायचा. पुढील दशकात या तंत्रज्ञानावरील सेवा एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा ते लक्षावधी संच निरुपयोगी झाले. दुसरा अपवाद २०१७ चा जिओफोन. १,५०० रुपयांची परतफेडीची अनामत घेऊन दिलेल्या या संचात फक्त त्याच कंपनीचे सिम चालत असे आणि अनामत परत मिळण्यासाठी तीन वर्षे तो वापरणे आवश्यक होते. संच स्वस्त झाला की कुलूप मागोमाग येते, असे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

तरीही भारतीय ग्राहकाला जे बंधन सर्वाधिक जाचले, ते संचाचे नव्हते. ते क्रमांकाचे होते.

सुताराचा, नळ दुरुस्त करणाऱ्याचा किंवा रिक्षाचालकाचा मोबाइल क्रमांक हेच त्याचे दुकान असते. भिंतीवर रंगविलेला तो क्रमांक बदलला, तर जुनी गिऱ्हाइके तुटतात. सेवा कितीही वाईट असली तरी अशा माणसाला कंपनी सोडता येत नसे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २००६ मध्ये क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याच्या सुविधेची शिफारस केली. सिंगापूरने ही सुविधा १९९७ मध्येच सुरू केली होती. भारतात ती प्रथम २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. शिफारशीपासून अंमलबजावणीपर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली. तांत्रिक अडचणी होत्या, हे खरे. पूर्वी क्रमांकाच्या पहिल्या काही अंकांवरूनच तो कोणत्या कंपनीचा, हे यंत्रणेला कळत असे. आता प्रत्येक कॉल जोडण्यापूर्वी ‘हा क्रमांक सध्या कुणाकडे आहे’ अशी विचारणा एका माहितीसाठ्याकडे करावी लागते. मात्र विलंबात केवळ तंत्राचा दोष होता, असे म्हणणे धाडसाचे होईल.

शिवाय ही मुभा अपुरी होती. देशाची विभागणी २२ सेवाक्षेत्रांत झालेली आहे आणि क्रमांक त्या क्षेत्राच्या आतच नेता येत असे. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष गैरसोयीची होती. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा भाग हे एक सेवाक्षेत्र, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. मुंबईतून पुण्याला बदली झालेल्या कारकुनाला राज्याच्या आतच एक तर रोमिंगचा भुर्दंड सोसावा लागे, नाही तर क्रमांक सोडावा लागे. बिहारमधून सुरतला किंवा ओडिशातून चेन्नईला गेलेल्या कामगाराची स्थिती याहून बिकट होती. ३ जुलै २०१५ पासून संपूर्ण देशात क्रमांक कायम ठेवण्याची मुभा मिळाली आणि हा अडसर दूर झाला.

या सुविधेचे खरे मोल २०१८ च्या सुरुवातीस कळले. त्या वर्षी ३० जानेवारीपासून एअरसेल कंपनीने महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व उत्तर प्रदेश पश्चिम या सहा क्षेत्रांतील सेवा थांबविली. फेब्रुवारीत तमिळनाडूतही तिचे जाळे कोलमडले. तमिळनाडू हा या कंपनीचा बालेकिल्ला होता. कंपनी बदलण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक मिळवायचा तर त्याच सिमवरून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवावा लागतो. जाळेच बंद असल्यावर तो जाणार कसा? बँकेचे व्यवहार, गॅसची नोंदणी, आधारची पडताळणी या साऱ्यांचा एकवेळचा संकेतांक त्या मुक्या झालेल्या क्रमांकावरच येणार होता. ट्रायने हस्तक्षेप करून ग्राहकांना संकेत मिळण्याचा मार्ग मोकळा ठेवण्याचे व त्यासाठी मुदत देण्याचे निर्देश दिले. बाहेर पडण्याचे दार कागदावर असणे आणि ते प्रत्यक्षात उघडणे यांत किती अंतर असू शकते, ते त्या दिवसांत दिसले.

असेच अंतर पुढे दुसऱ्या रूपात प्रकटले. काही स्वस्त प्रीपेड योजनांमध्ये एसएमएस पाठविण्याची सोयच ठेवलेली नव्हती. साहजिकच त्या ग्राहकाला १९०० वर संदेश पाठविता येत नसे आणि कंपनी सोडण्यासाठी प्रथम त्याच कंपनीचे महाग रिचार्ज करणे भाग पडे. ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायने आदेश दिला, की रिचार्ज कितीही रकमेचे असो, प्रत्येक ग्राहकाला हा एक संदेश पाठविता आलाच पाहिजे. नियमावलीच्या मोठ्या ग्रंथात ही तळटीप वाटेल. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत, त्याच्यासाठी मात्र सारी नियमावली या एका एसएमएसवर अवलंबून होती.

कुलूप नसतानाही संच अडतो, अशीही उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, ती केवळ ४जी जाळ्यावर. ध्वनिसंभाषणही त्याच जाळ्यावरून होत असल्याने ती क्षमता नसलेल्या जुन्या संचांवर नेहमीच्या पद्धतीने बोलता येत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा बाजारात ५जी म्हणून विकलेल्या कित्येक संचांना उत्पादकाच्या सुधारित प्रणालीची प्रतीक्षा करावी लागली. आयफोनधारकांना तर डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. परदेशातून आणलेला संच कुलपातून मुक्त झाला, तरी येथील जाळ्याच्या लहरी त्याला पकडता येतीलच, याची हमी नसते.

कुलूपबंद संच हाती आलेल्या माणसाने प्रथम मूळ कंपनीकडेच मागणी करावी. किंमत पूर्ण फेडलेली असेल व करार संपला असेल, तर अमेरिकेतील मोठ्या कंपन्या शुल्क न घेता कुलूप उघडून देतात. संच आणणाऱ्याने तेथून निघण्यापूर्वीच हे काम उरकले तर फार बरे, कारण खाते तेथे असते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कंपनीच्या कुलपाची नोंद पाहता येते. मुंबईचे मनीष मार्केट किंवा दिल्लीचे गफार मार्केट येथील कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि कुलूप उघडणे आणि संचाचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बदलणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा क्रमांक बदलणे भारतात शिक्षापात्र गुन्हा आहे. जुना संच विकत घेताना तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करून किंवा २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी व्यवस्थेवर तपासून पाहावा. चोरीचा म्हणून रोखलेला संच कोणत्याही किल्लीने वैधपणे उघडत नाही.

दरम्यान कुलपाचा धनी बदलू लागला आहे. हप्त्यांवर घेतलेल्या संचांमध्ये कर्ज देणारी संस्था असे सॉफ्टवेअर घालते, की हप्ता चुकताच संचाचा पडदा दूरवरूनच बंद करता येतो. पूर्वीचे कुलूप फक्त दुसऱ्या कंपनीचे सिम अडवीत असे, हे नवे कुलूप सारा संचच अडविते. त्याच संचावर ज्याला दिवसाचे काम समजते आणि मजुरी यूपीआयने मिळते, त्याचा हप्ता भरण्याचा मार्गही त्याबरोबर बंद होतो. कर्ज बुडू नये ही देणाऱ्याची चिंता रास्त आहे. परंतु कुलपाची माहिती खरेदीपूर्वी ग्राहकाच्या भाषेत, ठळक अक्षरांत दिली पाहिजे. पडदा बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना मिळाली पाहिजे. बंद संचावरूनही पोलीस व रुग्णवाहिकेसाठी ११२ लागला पाहिजे, आणि शेवटचा हप्ता जमा होताच ते सॉफ्टवेअर ग्राहकाला अर्ज करावा न लागता आपोआप निघाले पाहिजे. तोवर अशा ग्राहकाच्या हाती एक जुना उपाय उरतो. त्याचे सिमकार्ड बंद झालेले नसते. ते काढून शेजाऱ्याच्या साध्या संचात घातले, की त्याचा क्रमांक पुन्हा बोलू लागतो.