सहीनंतरची पाहणी



परवाना, बांधकाम, आरोग्य व अग्निशमन या विभागांतल्या आपणा सगळ्यांच्या या परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेवर सातारा आणि सांगली ही नावं शेजारी छापली आहेत. १९४९ पर्यंत यांतला बराच भाग एकाच जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आज साताऱ्याला नगरपरिषद आहे, तिला १९६५ चा कायदा आणि मुख्याधिकारी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ पासून महानगरपालिका आहे, तिला १९४९ चा कायदा आणि आयुक्त. कायदे दोन असले, तरी परवान्यासाठी खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस एकच आहे. त्याला एवढंच कळतं की सही कुणाची लागते.

तो आधी नगरसेवकाच्या घरी जातो. नगरसेवक त्याला मोटारसायकलवर बसवून आपल्याकडे घेऊन येतो. लोकांची समजूत अशी, की परवाना सभागृह देतं आणि आपण तो लिहून काढतो. महानगरपालिकेच्या कायद्यात प्रत्यक्षात अंमलबजावणीचे अधिकार थेट आयुक्तांना दिलेले आहेत, आणि कलम ६९ प्रमाणे आयुक्त ते लेखी आदेशाने खालच्या अधिकाऱ्यांना वापरू देऊ शकतात, पण स्वतःच्या नियंत्रणाखाली आणि घातलेल्या अटींच्या मर्यादेत. 'लेखी' आणि 'अटी' या दोन्हींकडे लक्ष द्या. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या नावाचा तो आदेश प्रत्यक्ष वाचला आहे? हात वर करायला सांगत नाही, दुपारच्या जेवणाआधी कुणाला अवघडवण्यात अर्थ नाही. बहुतेकांना अधिकार मिळतो तो खुर्चीबरोबर. आधीचे साहेब सही करायचे, म्हणून आपण करतो.

सही करायला माझा विरोध नाही. रोजच्या रोज येणारे अर्ज सभेपुढे नेले, तर भाजीच्या गाड्याचा परवानाही पुढच्या दिवाळीपर्यंत मिळणार नाही. अधिकार खाली दिलेच पाहिजेत. माझी तक्रार वेगळी आहे. परवाना देण्याचा अधिकार आपण नाव, पद आणि मुदतीसकट खाली देतो. दिल्यानंतर परत जाऊन बघण्याचं काम मात्र कुणाच्याच नावावर नसतं.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. कार्यालयाच्या भिंतीवर फलक लागले: सेवा कोणती, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे. कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती. फार चांगलं झालं. पण त्या फलकाशेजारी दुसरा फलक कुठे पाहिलात का, की परवाना दिलेल्या जागेची फेरतपासणी किती दिवसांत आणि कोण करणार? दाखला उशिरा दिला तर दंड, जिना कधीच बघितला नाही तर काही नाही. मग कनिष्ठ अभियंता कुठे धावेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

धोकादायक इमारतींचं घ्या. महानगरपालिकेत कलम २६४, नगरपरिषदेत १९५. पावसाळा तोंडावर आला की नोटिसा निघतात, वर्तमानपत्रात आकडा येतो, पुढच्या वर्षी जवळपास तोच आकडा पुन्हा येतो. साताऱ्याच्या पेठांत, वाईच्या घाटालगत, मिरजेच्या जुन्या गल्ल्यांत असे वाडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माती-विटांच्या भिंती, वाळवीने पोखरलेली तुळई, वर पत्रा. मालक पुण्याला, भाडेकरू तीन पिढ्यांचा. नोटीस निघावी म्हणून मालकच अर्ज करतो, कारण वाडा पडला तर जागा मोकळी होते. भाडेकरू म्हणतो, वाडा ठीक आहे, मालकाची नियत पडकी आहे. दोघांचंही थोडं खरं असतं. मधे आपला माणूस उभा, हातात टेप आणि चिकटवायची नोटीस. तो दारावर कागद डकवतो, फोटो काढतो, 'बजावली' असा शेरा मारतो आणि फाईल कपाटात जाते. उद्या काही झालं तर शेरा दाखवता येतो. माजघरातली म्हातारी मात्र त्याच तुळईखाली झोपलेली असते. कायद्याने दिलेला अधिकार त्या नोटिशीपाशी संपत नाही. इमारत रिकामी करून घेण्यापर्यंत आणि उतरवण्यापर्यंत तो जातो. आपणच त्याला शेऱ्यापाशी थांबवलं आहे, कारण पुढच्या पायरीवर सही कुणाची हे आदेशात लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलेलं असलं तरी त्या माणसामागे कुणी उभं राहत नाही.

आगीच्या बाबतीत आपण अधिकार कार्यालयाबाहेरही दिला. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायला सांगितलं. तत्त्व बरोबर आहे, अग्निशमन दलाला सगळीकडे पोचता येणार नाही. पण ते प्रमाणपत्र आवकमध्ये शिक्का मारून घेणं आणि वाचणं यांत फरक आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बालकं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटची धावपळ झाली. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेली मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखली जाते. अशा गावात अरुंद बोळातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागातून रुग्ण खाली कसे आणणार, हे बघायला दुर्घटनेची वाट का बघावी लागते?

आता मांढरदेवबद्दल बोलतो. त्याशिवाय या जिल्ह्यांत हा विषय बोलता येत नाही. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, वाई तालुक्यातला काळूबाईचा डोंगर. चढाची अरुंद वाट, दुतर्फा दुकानं, नारळाच्या पाण्याने आणि तेलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या. चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, गॅसचे सिलिंडर फुटले. सुमारे तीनशे माणसं गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. मला त्या डोंगराबद्दल एकच प्रश्न पडत आला आहे. प्रत्येक दुकान कुणाच्या तरी होकाराने किंवा डोळेझाकीने तिथे बसलं होतं. सुटं सुटं पाहिलं तर एकेका दुकानात काय वावगं? हार-नारळ, चहा, बांगड्या. पण सगळी मिळून वाट किती उरली, हे बघण्याचं काम कुणाचं? ग्रामपंचायत, देवस्थान, महसूल आणि पोलीस, चौघांकडे थोडाथोडा अधिकार असला की पूर्ण वाट कुणाच्याच टेबलावर येत नाही.

अधिकार कुणाकडे, याबाबत अलीकडच्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. साताऱ्याच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, सांगलीच्या महानगरपालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. म्हणजे सभा, स्थायी समिती आणि आयुक्त हे सगळं एकाच खुर्चीत. अधिकार देणारा, घेणारा आणि जाब विचारणारा एकच माणूस. काम झटपट झालं असं आपल्यापैकी अनेकजण खासगीत म्हणतात. झालंही असेल. पण त्या वर्षांत 'अमक्या परवान्याचं काय झालं' हे भर सभेत विचारणारं कुणी नव्हतं, आणि तो त्रास आपल्याला हवा होता, असं माझं मत आहे. सगळ्यांना पटणार नाही.

असं उघडपणे विचारण्याची एक व्यवस्था इंग्लंडमध्ये २००३ च्या परवाना कायद्यात आहे. दारूविक्रीच्या किंवा करमणुकीच्या जागेसाठी अर्ज आला आणि कुणाची हरकत नसली, तर अधिकारीच परवाना देतो. ग्राह्य हरकत आली की प्रकरण सदस्यांच्या उपसमितीपुढे सुनावणीला जातं, शेजारी बोलतात आणि निर्णय कारणांसह द्यावा लागतो. आपल्याकडे उलटं होतं. वादाचं प्रकरण हळूच खाली सरकतं, शेवटी ज्याच्या हातात फक्त टेप आहे त्याच्यापर्यंत. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आगीत चौदा जण गेल्यावर पालिकेचे अधिकारी निलंबित झाले. ज्यांनी कधी जायचं, काय बघायचं आणि कुणाला कळवायचं हे आधी लिहून दिलं नाही, त्यांचं नाव अशा वेळी येत नाही.

वादाचं प्रकरण सदस्यांपुढे नेलं की राजकारण शिरेल, हे मलाही माहीत आहे. ते आजही आहेच, फक्त फोनवर आहे. सुनावणीच्या इतिवृत्तात तरी ते लिहिलं जाईल.

म्हणून या परिषदेपुढे मी ठराव ठेवतो आहे. प्रत्येक अधिकार-प्रदान आदेश कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. त्यात परवाना देणाऱ्याच्या नावापुढे फेरतपासणी करणाऱ्याचं पद आणि महिना लिहावा. धोकादायक इमारतीच्या नोटिशीनंतर तीस दिवसांत पुढची कारवाई झाली नाही, तर कारण देऊन फाईल आपोआप आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे परत जावी. हरकत आलेला परवाना बंद खोलीत निकालात काढू नये. विटा आणि तासगावच्या सहकाऱ्यांचा या ठरावाला विरोध आहे असं कानावर आलं. माणसं कमी आहेत, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. दुपारच्या सत्रात त्यांनी आपली हरकत मांडावी, पण लेखी द्यावी, म्हणजे ती ठरावासोबतच शासनाकडे जाईल.