हत्यार घरात येण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो निकालाची टक्केवारी सांगतो आणि दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला देतो. आजवर मीही तेच केले. यंदा अध्यक्षसाहेबांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून जो विषय मी कित्येक दिवस टाळत आलो तो आज आपल्यापुढे मांडतो. विषय आहे गावठी कट्ट्याचा. अशा आनंदाच्या प्रसंगी हे बोलणे काहींना रुचणार नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझा आतेभाऊ गेला. माझ्या फुफीचा तो एकुलता एक मुलगा. वय बावीस वर्षे. जळगावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करी आणि बहिणीच्या लग्नासाठी पैसे साठवी. कोणाशी वैर नाही, भांडण नाही. एका दोस्ताच्या लग्नासाठी तो धुळ्याला गेला होता. हळदीच्या रात्री मंडपामागे चार-पाच मुले जमली. त्यांतल्या एकाने कमरेचे गावठी पिस्तूल काढले. मॅगझिन काढून बाजूला ठेवले, म्हणजे हत्यार रिकामे झाले, अशी सर्वांची समजूत. परंतु मॅगझिन काढले तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती राहिली होती. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सर्व संपले. ज्याच्या हातून गोळी सुटली तोही कोणाचा तरी मुलगाच. तो तुरुंगात गेला. एका गोळीने दोन घरे बसली.

आता जे सांगतो ते सांगणे मला अवघड जाते. त्या रात्रीच्या पंधरा दिवस आधी माझा भाऊ माझ्याकडे आला होता. त्याने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. दोस्ताच्या हातात तेच पिस्तूल आणि शेजारी हा हसत उभा. मी रागावलो. म्हणालो, ‘‘असले फोटो ठेवू नकोस, पोलिसांनी पाहिले तर पंचाईत होईल.’’ त्याने माझ्यासमोर फोटो पुसला. माझे समाधान झाले. मी शिक्षक, बी.एड. झालेला माणूस, पण मला फोटोची काळजी वाटली, हत्याराची वाटली नाही. ते कोणाचे, कोठून आले, त्या मुलाच्या वडिलांना ठाऊक आहे काय, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. फुफीलाही कळवले नाही. परक्याच्या भानगडीत कशाला पडा, असा विचार केला.

गेल्या वर्षी हे सर्व मी फुफीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग एवढेच म्हणाली, ‘‘मेरे को नहीं बोला, अब दूसरी माँओं को तो बोल.’’ म्हणून आज मी येथे उभा आहे.

बंधू-भगिनींनो, ही हत्यारे आपल्याकडे येतात कोठून? आपल्या चोपडा तालुक्याच्या टोकाला, सातपुड्याच्या कुशीत उमर्टी नावाचे गाव आहे. त्याच नावाचे दुसरे गाव लगतच, पण मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात. तेथे बनणाऱ्या गावठी पिस्तुलांची बातमी खान्देशातल्या वर्तमानपत्रांत वारंवार येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या आपल्याकडच्या पोलिस पथकावर जमावाने हल्ला केला आणि एका पोलिसाला पळवून नेले. पुढे त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तेथे जाऊन हत्यारे बनविण्याच्या भट्ट्या मोडून काढल्या. पुण्यातल्या गुन्ह्यांचा माग काढत पोलिसांना सातपुड्यापर्यंत यावे लागले, यावरून हा माल किती दूर जातो ते लक्षात यावे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. तेथल्या कारागिरांवरून संपूर्ण सिकलीगर समाजाला नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. दोन-चार जणांच्या कृत्यासाठी साऱ्या समाजाकडे बोट दाखविले जाते तेव्हा काय वाटते, हे आपणांस कोणी शिकवायला नको. शिवाय विकत घेणारा आहे म्हणून विकणारा आहे. घेणारी मुले आपल्याच गल्लीतली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, कायदाही नीट समजून घ्या. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. २०१९ मध्ये तो अधिक कडक झाला. विनापरवाना पिस्तूल नुसते जवळ सापडले तरी कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद. बेकायदा बनविणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्नात वा मिरवणुकीत हौसेने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. येथे परवाना असला तरी सुटका नाही. ‘‘माझे नव्हे, दोस्ताने ठेवायला दिले होते,’’ हे उत्तर पोलिस ठाण्यात चालत नाही. आणि एकदा गुन्हा नोंदला गेला की नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी असो वा पासपोर्ट, प्रत्येक दारात तो आडवा येतो.

काही पालक म्हणतील, मास्तर, दिवस वाईट आहेत, संकट आले तर आपले रक्षण कोणी करायचे? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. धुळ्याच्या मंडळींना ६ जानेवारी २०१३ ची आठवण करून द्यावी लागत नाही. एका हॉटेलातल्या बिलाच्या वादातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. ते घाव भरलेले नाहीत. त्या गोळ्यांचा जाब कायद्याने मागण्याचा हक्कही आपण सोडू नये. परंतु त्या दिवसाची भीती दाखवून कोणी आपल्या मुलाला कट्टा विकत असेल, तर त्याला एकच विचारा. त्या दिवशी गल्लीत आणखी दहा कट्टे असते, तर जनाजे कमी निघाले असते की जास्त?

ज्यांची माणसे गोळीने गेली त्यांनी पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापूरला कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळीबार झाला, त्यात पानसरे गेले. त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत असू वा नसू. पण दाभोलकरांची मुले मुक्ता आणि हमीद यांनी काय केले? न्यायालयाची पायरी सोडली नाही. १० मे २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी, पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. अकरा वर्षे दुःख बाळगून कायद्याच्या वाटेने चालणे सोपे नव्हे.

स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचे लहानसे गाव आहे. १३ मार्च १९९६ रोजी तेथल्या प्राथमिक शाळेत एका माणसाने सोळा बालके आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. त्याच्याजवळची पिस्तुले परवान्याची होती. मिक नॉर्थ या गृहस्थांची पाच वर्षांची मुलगी त्यांत गेली. असे पालक आणि त्यांचे स्नेही घराबाहेर पडले. सह्यांची मोहीम उभी राहिली, सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी आली.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ रोजी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी दोन मशिदींत एक्कावन्न माणसे मारली गेली. फरीद अहमद चाकांच्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी हुस्ना यांनी बायका-मुलांना बाहेर सुखरूप पोहोचविले आणि पतीला शोधायला परत आल्या, तेव्हा त्या मारल्या गेल्या. फरीदसाहेबांनी मारेकऱ्याला जाहीरपणे माफ केले, द्वेष नको असे सांगितले. आणि त्या देशाच्या संसदेने महिन्याच्या आत, १० एप्रिल रोजी, एकशे एकोणीस विरुद्ध एक मताने लष्करी पद्धतीच्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदा केला. माफी दिली म्हणून बंदोबस्त करू नये, असे होत नाही. दोन्ही एकत्र होऊ शकतात.

आपल्या धर्माची शिकवणही याहून वेगळी नाही. बाण घेऊन मशिदीतून वा बाजारातून जाताना त्याचे टोक हातात धरावे, कोणाला इजा होऊ नये, इतकी बारीक काळजी पैगंबरसाहेबांनी घ्यायला सांगितली. चुकून लागले, ही सबब त्यांनी आधीच बंद केली.

आता करायचे काय? मी तीनच गोष्टी मागतो.

पहिली गोष्ट घरातली. मुलाचे दोस्त कोण, हे वडिलांनी विचारावे आणि आईने मनमोकळे ऐकून घ्यावे. हत्यार घरात असल्याचे कळले तर आरडाओरड करू नका, ते उघडून पाहू नका, विहिरीत वा नाल्यात टाकू नका, कारण ते दुसऱ्या मुलाच्या हाती लागेल. त्याच दिवशी वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जा. बदनामीला भिऊ नका.

दुसरी गोष्ट लग्नाची. तारीख ठरवतानाच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे की मंडपात हत्यार आले तर आम्ही जेवणावरून उठू. जमातीच्या चार बुजुर्गांनी हे एकदा केले की पाचव्या लग्नात सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट शाळेची, आणि ती माझ्याकडे. विद्यार्थी मित्रांनो, कोणाच्या हातात, दप्तरात, मोबाइलच्या फोटोत असे काही दिसले तर मला किंवा ज्या सरांवर, मॅडमवर तुमचा विश्वास आहे त्यांना सांगा. तुमचे नाव बाहेर जाणार नाही. ही चुगली नव्हे. माझ्या भावाच्या मित्रांपैकी एकाने जरी तोंड उघडले असते, किंवा मी उघडले असते, तर आज तो आपल्या मुलाला याच शाळेत घालायला आला असता.

संस्थेला विनंती आहे की या कामासाठी पाच पालकांची एक समिती आजच नेमावी. पहिले नाव माझ्या फुफीचे लिहावे. ती शिकलेली नाही, सही करताना तिचा हात थरथरतो. पण ती घरोघर यायला तयार आहे.