काचेवरील भगवा

क्षिप्रेच्या रामघाटावर उभ्या राहणाऱ्यास अवंतिकेची ओळख प्रथम रंगांनी पटते. महाकालाचे भस्म पांढुरके, बेलाचे पान हिरवे, संन्याशाची छाटी भगवी. परंतु एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत हे रंग कोठेच आढळत नाहीत. भगवी छाटी तर तेथे काळपट दिसते. त्या काळच्या काचांवरील रासायनिक लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई. तांबड्या व नारिंगी प्रकाशाचा जवळजवळ होतच नसे. वैराग्याचा वर्ण कॅमेऱ्याने अंधार म्हणून नोंदविला.

उज्जयिनीशेजारी इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस असता लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला. मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी घेतलेली चित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दगडावरील कोरीव काम त्यांत स्पष्ट उमटले आहे. रंग मात्र नाही. दीनदयाळ १९०५ मध्ये निवर्तले. पुढे दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी ‘ऑटोक्रोम’ नावाची काच विक्रीस आणली.

बटाट्याच्या सत्त्वाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून त्या काचेवर पसरीत, मधल्या फटी कोळशाच्या पुडीने बुजवीत, आणि वर सर्व रंग टिपणारा लेप देत. भर उन्हातही क्षणभर निश्चल राहणाऱ्याचेच चित्र नीट उमटे; चालणारा धूसर होई. तयार झालेली काच प्रकाशासमोर धरली, की मगच रंग दिसत. पॅरिसचे धनिक आल्बेर कान यांनी १९०९ ते १९३१ या काळात देशोदेशी माणसे पाठवून अशा सुमारे ७२,००० काचा जमविल्या. त्यांनी पाठविलेले स्तेफान पासे १९१३-१४ मध्ये भारतातही येऊन गेले.

या काचांवरील रंग त्या क्षणाच्या प्रकाशाने उमटविलेले आहेत. मठांत व घरोघरी पूजेस असलेल्या कित्येक जुन्या गुरुचित्रांवरील रंग मात्र कुंचल्याने मागाहून भरलेले असतात. भरणाऱ्याची भक्ती वंदनीय खरी. तथापि भक्ती निराळी आणि साक्ष निराळी. छाटी गेरूची होती की काषायाची, हे तो रंग सांगू शकत नाही. आज संगणकही क्षणार्धात रंग भरतो. तोही अदमासच होय.

यास्तव मूळ चित्रास हात लावू नये. रंगविलेल्या प्रतीवर ‘रंग मागाहून भरले’ असे स्पष्ट लिहावे. मूळ चित्राच्या पुठ्ठ्यावर नाव, स्थळ व वर्ष नोंदवावे. ज्या वृद्धांनी त्या सत्पुरुषांस डोळ्यांनी पाहिले, त्यांस वेळीच विचारून घ्यावे. त्यांचे चार शब्द कोणत्याही कुंचल्याहून अधिक विश्वसनीय आहेत.

जुन्या चित्रातील काळपट छाटी काळपटच राहू द्यावी. ती भगवी होती, एवढे शेजारी लिहून ठेवावे.