घडणीपूर्वीची पारख

(कतारगाम, सुरत येथे मराठी भाषिक श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



कच्चा हिरा हाती येताच येथील रत्नकलाकार तो घंटीवर धरीत नाहीत. प्रथम त्याची पारख होते, दोष हेरले जातात, कापाची रेषा आखली जाते. कारण एकदा चुकीचा कापला गेलेला हिरा पुन्हा सांधता येत नाही. संगणकाच्या क्षेत्रातही हेच तत्त्व आज दृढ होत आहे.

लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राच्या सर्व भागांवर ताबा ठेवणारा गाभा, अँड्रॉइड मोबाईलमध्येही असतो. तो प्रामुख्याने सी भाषेत लिहिलेला आहे. त्यात स्मृतीच्या भलत्याच जागी हात पडला, तर सारे यंत्र बंद पडू शकते, अथवा परक्यास आत शिरण्यास वाट मिळते. अशा चुकांना आळा घालणाऱ्या रस्ट भाषेस डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये प्रवेश मिळाला.

आता पारख कशी होते ते पाहू. समजा, एखाद्या उपकरणासाठी २५६ घरे राखून ठेविली आहेत. कार्यक्रमात ३०० वे घर मागितले, तर आज्ञावली यंत्रभाषेत उतरविली जात असतानाच काम अडले पाहिजे. याकरिता तपासणीच्या जागी एका निषिद्ध फंक्शनला हाक घातलेली असते. अट पुरी होते असे कंपायलरला सिद्ध करता आले, तर ती हाक गळून पडते. न आले, तर अखेरची जोडणीच होत नाही.

मात्र येथे एक मेख आहे. तपासणीचे फंक्शन स्वतंत्र राहिले, तर मागितलेला आकडा त्यास दिसत नाही, आणि निर्दोष कामही अडते. म्हणून ते फंक्शन मागणीच्या ठिकाणीच उलगडून बसविण्याची सक्त आज्ञा देतात. यासच इनलाइन करणे म्हणतात. आकडा यंत्र चालू झाल्यावरच कळणार असेल, तर तपासणीही तेव्हाच करावी लागते.

लिनक्सची आज्ञावली सर्वांस खुली आहे. शिक्षकांनी ती होतकरू विद्यार्थ्यांना दाखवावी. आरंभी केलेली पारख पुढचे मोठे नुकसान टाळते, हे कतारगामच्या मुलांना निराळे पटवून देण्याची गरज पडणार नाही.