गर्द निळी भिंत



आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें एका भिंतीविषयीं. गेल्या वर्षीं टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरास रंग द्यावयाचें ठरलें. नवरात्रांत देवीच्या दर्शनाची गर्दी इतकी असते कीं शिडी घेऊन माणूस आमच्या दारापर्यंत पोहोंचावयाचा नाहीं. तेव्हां दसरा झाल्यावर काम काढलें. बाहेरच्या खोलीस पूर्वेकडे दोन खिडक्या आहेत आणि त्यांच्यासमोर एक मोठी कोरी भिंत आहे. ती आजवर पांढरीच होती. सूनबाईनें रंगांच्या नमुन्यांचें पुस्तक उघडून एका चौकोनावर बोट ठेवलें व म्हणाली, "बाबा, ही एक भिंत नेव्ही ब्ल्यू करूं या."

मीं चष्मा पुसून पाहिलें. "अग, हा तर काळा आहे."

"नाहीं हो बाबा, निळाच आहे. नीट पाहा ना."

मला हंसूं आलें. ज्या शाळेंत मीं तीस वर्षें शिकविलें तेथें मुलांच्या विजारींचा रंग हाच होता; जूनमध्यें गर्द आणि दिवाळीपर्यंत धुऊन धुऊन राखी. इंग्लंडच्या आरमारानें १७४८ मध्यें आपल्या अधिकाऱ्यांना या रंगाचा गणवेश दिला, त्यावरून त्यास हें नांव पडलें, हेंही मीं वर्गांत सांगितलेलें. तो रंग मला कळूं नये? पण घर आतां तिचेंही आहे, म्हणून मी गप्प बसलों.

आपल्या घरांना निळा रंग अगदीं परका आहे असें मात्र नाहीं. माझ्या लहानपणीं पावसाळा संपला कीं कळीचा चुना भिजत पडे. तो गाळून त्यांत निळीची चिमूट टाकीत आणि मग कुंचा फिरे. नुसता चुना वाळल्यावर किंचित् पिंवळट दिसतो. निळीनें तो पिंवळेपणा मारला जातो आणि डोळ्यास भिंत अधिक पांढरी वाटते. धोतराला नीळ देतात ती याच कारणानें. चिमूट मोठी झाली तर भिंत आकाशी होई, आणि मग आमची आजी वर्षभर त्या हाताचा उद्धार करी.

ही पुडींतील नीळ म्हणजे झाडाची नीळ नव्हे. जिच्यापायीं चंपारण्यांतील शेतकरी गांजले आणि १९१७ मध्यें गांधीजींना तेथें जावें लागलें, ती वेगळी. कपड्यांची नीळ ही लाजवर्द नांवाच्या मौल्यवान् दगडाच्या रंगाची कृत्रिम प्रतिकृति होय. ती तयार केल्याबद्दल गिमे नांवाच्या फ्रेंच माणसास १८२८ मध्यें पारितोषिक मिळालें. ही नीळ चुन्यास दाद देत नाहीं. उलट अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें निघालेला 'प्रशियन निळा' दिसावयास कितीही भारदस्त असला तरी चुन्यांत पडतांच तपकिरी होऊन बसतो. म्हणून जुन्या चुन्याच्या भिंतीवर कोणताही निळा चालेल असें समजूं नये.

आतां गर्द निळ्याची मुख्य अडचण सांगतों. ती म्हणजे उजेडाची. स्वच्छ पांढऱ्या भिंतीवर शंभर भाग प्रकाश पडला तर त्यांतील ऐंशींच्या आसपास ती खोलीस परत देते. गर्द निळी भिंत पांचसहा भाग देते आणि बाकीचा गिळते. खिडकीच्याच भिंतीस हा रंग दिला तर समोरच्या झगझगाटामुळें तो काळाच दिसतो; खिडकीसमोर दिला तर रंग खुलतो, पण जी भिंत साऱ्या खोलीस उजेड वांटीत होती तीच मुकी होते. यांतून सुटका नाहीं. छत आणि उरलेल्या तीन भिंती पांढऱ्या ठेवाव्या, आणि वाचावयाची खुर्ची खिडकीशीं न्यावी. रात्रीं पिंवळ्या दिव्याखालीं हा रंग मरतो, कारण त्या दिव्यांत निळा प्रकाश फार थोडा असतो. पांढऱ्या दिव्याखालीं तो पुन्हां जिवंत होतो.

दुसरी अडचण ओलीची. ठाण्यास वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. विटांतील व गिलाव्यांतील क्षार पाण्यांत विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातें आणि मागें लोणा राहतो. पांढऱ्या भिंतीवर तो कोणाच्या नजरेस येत नाहीं. गर्द निळीवर तो फळ्यावरच्या खडूसारखा लांबून वाचतां येतो. आमचा रंगारी या कामांत मुरलेला होता. त्यानें हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर बसविला आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या आंतून पाण्याचे थेंब जमले आहेत काय तें पाहिलें. थेंब नव्हते, तेव्हांच डबा उघडला. प्रथम त्यानें राखी रंगाचा अस्तराचा हात दिला, कारण पांढऱ्या अस्तरावर गर्द रंगास एक हात अधिक लागतो. तरीही वर तीन हात द्यावे लागले. भिंतीच्या मध्येंच चहास थांबलें तर जोड दिसतो, म्हणून कोपऱ्यापर्यंत गेल्याखेरीज तो खालीं उतरला नाहीं. उरलेला रंग झांकण घट्ट लावून ठेवण्यास त्यानें बजावलें. पुढें नव्या डब्यांतून ठिगळ लावल्यास तें निराळें दिसतें. यंदाच्या पावसाळ्यांत खिडकीजवळच्या एका कोपऱ्यांत थोडा लोणा आलाच. तेवढी परीक्षा कोपऱ्यांत करावयास हवी होती.

भिंत पुरी झाली. घरांत सर्वांना आवडली. मी तिला मनांत 'काळी भिंत' म्हणे व एकदोनदां पाहुण्यांसमोर म्हणालोंही. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. तेवढें मला दिसत होतें.

जानेवारींत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढला. दुसऱ्या दिवशीं पट्टी निघाली आणि दुपारीं मी घरीं येऊन खिडकीशीं बसलों. समोरची भिंत निळी होती. साधी निळी नव्हे. सूर्यास्तानंतर अर्ध्या घटकेनें आभाळ होतें तशी. मीं उजवा डोळा मिटून डाव्यानें पाहिलें: तीच भिंत काळी, आणि शेजारची पांढरी भिंत जुन्या वहीच्या कागदासारखी पिंवळी. पुन्हां उजवा उघडला. असें मीं किती वेळ केलें कोण जाणे. नातू विचारूं लागला कीं आजोबा डोळे कां मिचकावतात.

डॉक्टरांनीं उलगडा केला. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिंवळें होत जातें आणि तें निळा प्रकाश आंत येऊं देत नाहीं. हें इतक्या हळूहळू होतें कीं माणसास पत्ता लागत नाहीं. आपल्यास दिसतें तेंच सर्वांस दिसतें असें तो धरून चालतो. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्यें अशीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हां आतां सगळेंच फार निळें दिसतें अशी त्याची उलट तक्रार होती.

सूनबाईस मीं त्याच संध्याकाळीं सांगितलें, "तुझी भिंत निळी आहे." ती हंसली आणि चहा टाकावयास गेली. तेवढ्यानें तें मिटलें.

एक मात्र मिटलें नाहीं. निवृत्त होण्यापूर्वींच्या वर्षीं मीं एका मुलास गणवेशाऐवजीं काळी विजार घालून आल्याबद्दल वर्गाबाहेर उभें केलें होतें. तो पुनःपुन्हां म्हणत होता, "सर, निळीच आहे. आईनें नवीन घेतली आहे." मीं त्यास सांगितलें कीं चूक एक वेळ चालेल, खोटें चालणार नाहीं. तो तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचें नांव मला आठवतें. तो ठाण्यांतच राहतो असें ऐकतों. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. त्याच्याकडे मात्र त्यापूर्वींच जावयाचें ठरविलें आहे.