परदेशी शिक्षण आणि वर्णाची कसोटी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



गोदाकाठच्या आपल्या शहागडसारख्या गावांतील मुलेमुलीही आज परदेशी शिक्षणाचे स्वप्न पाहत आहेत. प्रवेश, शुल्क, कर्ज, शाकाहारी जेवण यांची चौकशी पालक कसोशीने करतात. एका प्रश्नावर मात्र घरात सहसा बोलणे होत नाही. जेथे सावळा वर्ण पाहूनच काही जण आपली योग्यता ठरवतात, तेथे आपल्या मुलांनी कोणत्या बळावर उभे राहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला डॉ. इरावती कर्वे यांचे स्मरण होते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. शिक्षण पुण्यात आणि मुंबईत. १९२८ मध्ये त्या संशोधनासाठी बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे हे स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू. परंतु सुनेचे जर्मनीला जाणे त्यांनाही रुचले नव्हते. पती दिनकरराव यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते. ते ठामपणे पाठीशी राहिले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून खर्चाची सोय झाली.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. गोरे युरोपीय लोक इतरांहून अधिक तर्कबुद्धीचे असतात आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेत सापडेल, असे त्यांचे गृहीतक होते. ते तपासण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले. म्हणजे, जे गृहीतक तिलाच कनिष्ठ ठरवणारे होते, त्याचीच मोजमापे तिने घ्यायची! पदवी गुरूंच्या हाती होती. तरीही त्यांनी १४९ कवट्या काटेकोरपणे मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की, अशा असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला; फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांची विद्या वंशद्वेषाच्या राजनीतीला साहाय्यभूत ठरली. हे पाहता त्या तरुण विद्यार्थिनीच्या सत्यनिष्ठेचे मोल अधिकच जाणवते.

आपल्या परंपरेत आज्ञाप्रधानी आणि परीक्षाप्रधानी असा भेद सांगितला जातो. इरावतीबाई खऱ्या अर्थाने परीक्षाप्रधानी होत्या. गुरूंचा अनादर न करता त्यांनी गुरूंचे मत तपासून पाहिले.

बंधुभगिनींनो, येथे थोडे आत्मपरीक्षण करू या. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत ‘वर्ण गोरा’ हे शब्द आपण गुण म्हणून छापतो. सावळ्या मुलीसमोर तिच्या रंगाची काळजी बोलून दाखवतो. गोरेपण म्हणजे श्रेष्ठत्व, हे ज्या मुलांनी घरीच ऐकले, ती परदेशी अवहेलना झाल्यावर काय उत्तर देणार? त्यांनी ते गृहीतक येथूनच मान्य करून नेलेले असते. म्हणून परदेशगमनाची पहिली तयारी घरात व्हावयास हवी.

विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, अपमान झाला तर तो मनात दडवू नका. तारीख-वेळेसह लिहून ठेवा, विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडे दाद मागा आणि घरी जरूर कळवा. तिकडे गेल्यावर आपल्याहून गडद वर्णाच्या सहाध्यायाला तुम्हीही कमी लेखू नका. पालकांनी ‘अभ्यासाकडे लक्ष दे’ म्हणून विषय संपवू नये. आधी ऐकून घ्यावे. आणि समाजाने शिक्षणकर्ज देताना मुलगा-मुलगी असा भेद करू नये. एका कर्जाने व एका पतीच्या पाठबळाने महाराष्ट्राला किती मोठी विदुषी लाभली, हे आपण पाहिलेच.