मोटरहोममधली गरम अंघोळ

युरोपातल्या अनेक मोटरहोममध्ये जर्मनीच्या ‘ट्रूमा कॉम्बी’ जातीचा हीटर असतो. त्याच्या टाकीत पाणी मावतं फक्त 10 लिटर, म्हणजे जेमतेम अर्धी बादली! तरीही त्यात दोघांची अंघोळ होऊ शकते.

टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापतं. त्यात 15 अंशांचं गार पाणी मिसळलं, की अंगाला सोसवेल असं 38 अंशांचं जवळजवळ 20 लिटर पाणी मिळतं. शॉवरमधून मिनिटाला 5 लिटर वाहिलं, तर चार मिनिटांत खेळ खलास. म्हणून जाणकार प्रवासी अंग भिजवून शॉवर बंद करतात, साबण लावतात आणि मगच पुन्हा पाणी सोडतात. जहाजांवरच्या खलाशांची ही रीत मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावी.

एवढं पाणी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. 12 व्होल्टच्या बॅटरीला हा भार फारच जड. प्रोपेन गॅस मात्र 50 ग्रॅमच्या आसपास पुरतो.

खरी काळजी थंडीची. पाणी गोठताना फुगतं आणि टाकी फुटू शकते. ते टाळण्यासाठी पारा 3 अंशांच्या आसपास आला, की एक झडप आपोआप उघडते आणि टाकी गाडीखाली रिकामी होते. सकाळी गरम पाण्याचा नळ कोरडा दिसला, तर आधी ती झडप तपासावी.